बादलीतली कुऱ्हाड आणि शिरोळची सुरी

प्रिय आबा,

'प्रिय' वाचून कपाळाला आठी पडली असेल, मला ठाऊक आहे. सासऱ्याला कोण प्रिय लिहितंय? आधी 'तीर्थरूप' लिहायला घेतलेलं. पण तीर्थरूप माणसाशी भांडता येत नाही, आणि मला आज भांडायचंय. तेव्हा प्रियच राहू दे.

उजव्या तळहाताला फोड आलाय. पेन धरलं की दुखतोय, म्हणून शिवणाचं मशीन आज बंद ठेवलंय. तुमची मंडळी, म्हणजे आमच्या आत्ती, जेवून आडव्या झाल्यात, तुमचे चिरंजीव फौंड्रीत ड्युटीला गेलेत आणि ऋतुजा कॉलेजात. दुपारची वेळ आहे, घरात चिडीचूप. अशा वेळी तुम्ही सोप्यात खुर्ची ओढायचा आणि 'च्या टाकतीस काय?' असं विचारायचा. आज कुणी विचारलं नाही, तरी दोन कप टाकून बसले.

काल म्हसोबाला जाऊन आलो. तुमच्याशिवायची पहिली खेप. तिथं जे झालं ते एकाच माणसाला सांगण्यासारखं आहे, आणि तो माणूस आषाढापासून भिंतीवर हार घालून बसलाय. म्हणून हे पत्र. दोन गोष्टी आहेत. एक ऐकून तुम्ही पोट धरून हसाल. दुसरीचा मला जाब पाहिजे.

आधी जाबाचं मूळ सांगते. लग्न होऊन बावीस वर्षं झाली. ह्या बावीस वर्षांत तुम्ही मला काही कमी पडू दिलं नाही. शिवणक्लास काढते म्हणाले, तर तुम्ही स्वतःची झोपायची खोली मोकळी करून दिलीत आणि सोप्यात कॉट टाकलीत. ऋतुजा झाली तेव्हा अख्ख्या पेठेत पेढे वाटलेत. पण दोन शब्द मात्र तुमच्या तोंडून कधी निघाले नाहीत. 'सुरीनं जमतंय.' बास, एवढंच ऐकायचं होतं मला. बावीस वर्षं वाट बघितली आबा.

पहिलं वर्ष आठवतंय का तुम्हाला? मला तर काल घडल्यासारखं आठवतंय. दिवाळी होऊन भात कापणी उरकली की राधानगरीकडच्या आपल्या शेताच्या कडेला, जिथनं जंगल सुरू होतं तिथल्या म्हसोबाला नैवेद्य. तीन दगडांची चूल, मटणाचा रस्सा, आणि रांधायचं पुरुषांनी. 'म्हसोबाच्या दिवशी बायकांनी हात धुवायचा तो जेवायलाच,' हा तुमचा नियम. तो ऐकून मी मनात म्हटलं, सासर झकास मिळालं. मग आपण एसटीत चढलो आणि तुमच्या हातात मी कुऱ्हाड बघितली.

"ओ पावणं, कुऱ्हाड घिऊन कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"म्हसोबाला."

"म्हसोबा कुऱ्हाड मागतोय व्हय?"

"म्हसोबा न्हाय, चूल मागत्या."

"आवो, बायामाणसं घाबरत्यात. टपावर टाका ती."

"मग मी बी टपावर बसतो," असं म्हणून तुम्ही खरंच शिडीकडं निघालात. शेवटी ड्रायव्हरनं तडजोड काढली. कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून त्याच्या सीटमागं ठेवायची. ठेवली. पण तुम्ही तिच्याशेजारी उभे राहिलात ते थेट राधानगरीपर्यंत, आणि तुमची जागा माझ्या बाजूला रिकामी. मी नवी नवरी, तोंड खिडकीकडं करून बसले होते. वाटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी.

तिथं भाऊबंदांच्या वस्तीवर पाच-सहा कुऱ्हाडी होत्या. तरी तुम्हाला तुमचीच पाहिजे. मी विचारलं तर म्हणालात, "दुसऱ्याची चप्पल घालून कोण डोंगर चढतंय का?" आणि मग मी ते बोलून बसले, ज्याच्यामुळं पुढची बावीस वर्षं गेली. मी म्हणाले, "आबा, एवढ्यासाठी कुऱ्हाड कशाला आणायची? चुलीपुरतं लाकूड सुरीनं फुटतंय की."

सगळी माणसं हसली. चुलत सासरे तर खोकला लागेपर्यंत हसले. तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडं नीट बघितलंत, वेड लागलेल्या माणसाकडं काळजीनं बघतात तसं. "पोरी, सुरीनं कांदा चिरत्यात. लाकूड न्हाय." आणि आत्तींकडं वळून म्हणालात, "शिरोळला लाकडं कुठनं असणार? सगळा ऊसच. उसाला सुरी पुरत्या." त्या दिवसापासून माझं नाव शिरोळकरीण पडलं. लग्नात ठेवलेलं नाव कागदावरच राहिलं.

आता तुम्ही मधे बोलू शकत नाही म्हणून एकदा नीट सांगून घेते. तुम्ही कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीत. आमच्या गावात कृष्णेचं पाणी आलं की आम्ही शाळेत राहायला जायचो. बाहेर जे लाकूड असेल ते भिजून चिंब. तेव्हा माझी आई सुरी काढायची. ट्रकच्या कमानपाट्याची, लोहाराकडनं करून घेतलेली, पाठ बोटाएवढी जाड. मनगटाएवढं लाकूड उभं धरायचं, वरच्या टोकावर सुरीचं पातं टेकवायचं आणि दुसऱ्या दांडक्यानं सुरीच्या पाठीवर ठोकायचं. पातं आत शिरलं की त्याचं जे टोक पलीकडं बाहेर राहतं, त्याच्यावर मारायचं. तडतड करत लाकूड सरळ उकलतं. वरून कितीही भिजलेलं असू दे, आत कोरडं निघतं. त्या कोरड्या काड्यांवर आईनं चाळीस माणसांचा भात शिजवलेला मी बघितलाय. माझ्या लग्नात आईनं रुखवतात तीच सुरी ठेवली, लोकरीचं तोरण आणि करंज्यांच्या मधोमध. आत्तींच्या माहेरच्या बायका महिनाभर त्याच्यावर बोलत होत्या.

त्यानंतर दर वर्षी आपलं तेच. तुम्ही कुऱ्हाड पोत्यात गुंडाळायचा, मी सुरी फडक्यात. तुम्ही फोडायला लागलात की मी लांबून म्हणायची, "आबा, पाय सांभाळा." तुमच्या नडगीवर बोटभर लांबीची खूण होती. बैलानं लाथ मारली असं तुम्ही सगळ्यांना सांगत होता. आत्तींनी मला लग्नानंतर आठवड्यातच सांगितलं होतं की त्या बैलाला लाकडाचा दांडा होता. मी हे तुम्हाला एकदा जेवताना ऐकवलं. तुम्ही शांतपणे माझा डावा अंगठा धरून वर केलात, त्याच्यावरची सुरीची खूण सगळ्यांना दाखवलीत, आणि भाकरी मोडायला लागलात. तेव्हापासून खुणांचा विषय बंद झाला.

आणि मग ते बादलीचं वर्ष.

हसताय ना? हसा. सात वर्षं झाली त्याला. म्हसोबाच्या दोन दिवस आधी कुऱ्हाड दांड्यावर डुगडुगायला लागली. तुम्ही नेहमीसारखी न्हाणीतल्या बादलीत पाण्यात घातलीत, दांडा फुगून पातं घट्ट बसावं म्हणून. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. सकाळी जीप आली. मटण, भगुणी, चटणी, बसायच्या पट्ट्या, सगळं चढलं. तुम्ही स्वतः पोतं आणि दोरी सीटखाली ठेवलीत आणि तीनदा तपासलीत. तिथं पोचल्यावर पोतं उलगडलंत. पोतं होतं. दोरी होती.

"कुऱ्हाड कुठाय?" तुम्ही विचारलंत.

आत्ती पट्टी अंथरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बादलीत हाय की. सकाळी तिच्याशेजारीच मी आंघोळ केली."

"आन् सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, आजून भिजायची असंल."

तुमचा चेहरा मला अजून दिसतोय आबा. चार पिढ्यांची जमीन गेल्यासारखा. लाकूडफाटा सगळा ओला, ऐनाच्या झाडाचे मोठमोठे तुकडे, आणि भोवती पंचवीस माणसं उपाशी. तुम्ही चिरंजीवांना घेऊन वस्तीवर कुऱ्हाड मागायला निघालात. निघालात खरं, पण पायांना काही घाई नव्हती.

मी दहा मिनिटं थांबले. मग उठले. चुलत सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज बायकांनी चुलीकडं जायचं न्हाय." मी म्हणाले, "मी चुलीकडं न्हाय, लाकडाकडं चाललेय." ढिगातनं मनगटाएवढी लाकडं निवडली, गाठीची बाजूला टाकली आणि बसले ठोकत. तुम्ही तासाभरानं परत आलात तोवर जाळ धरला होता आणि भगुण्यातलं पाणी कढत होतं.

तुमचे हात रिकामे होते. चिरंजीवांनी मला नंतर घरी येऊन सांगितलं, तुम्ही वस्तीवर गेलात, चहा घेतलात, पिकापाण्याचं बोललात आणि कुऱ्हाड न मागताच उठलात. एवढी वर्षं स्वतःच्या कुऱ्हाडीच्या गमजा मारल्यावर मागणार कुठल्या तोंडानं?

तुम्ही चुलीजवळ आलात. जाळाकडं बघितलंत. फोडलेल्या लाकडांच्या ढिगाकडं बघितलंत. माझ्या हातातल्या सुरीकडं बघितलंत. वाटलं, आता म्हणतील. आज तरी म्हणतील.

तुम्ही म्हणालात, "धूर लई हाय."

एवढं बोलून वाकलात, ढिगातनं बोटभर लांबीची एक ढलपी उचललीत, उलटीपालटी करून बघितलीत आणि खिशात घातलीत.

"ती कशाला?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच होता माझा.

"दात कोरायला."

बोटभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या ढलपीनं कुठला दात कोरणार होता आबा? मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी रागात होते. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर सरळ न्हाणीत गेलात आणि कुऱ्हाड बादलीतनं काढून फडक्यानं पुसत बसलात, पोराला आंघोळ घातल्यासारखं.

त्या वर्षापासून तुम्ही कुऱ्हाड कधी पाण्यात घातली नाहीत. मी मनात म्हणायची, लाजले म्हातारे. तेवढ्यावरच समाधान मानत होते.

दोन वर्षांपूर्वी ऋतुजानं मोबाइलवर तुम्हाला तो व्हिडिओ दाखवला. कुठला तरी गोरा माणूस, दाढीवाला, बर्फात बसून सुरीच्या पाठीवर दांडकं मारून लाकूड फोडतोय. ऋतुजा म्हणाली, "आज्जा, बघा, आई करते तसंच की. ह्याला लाखो लोक बघतात." मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी. तुम्ही चष्मा लावून व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलात. परत एकदा लावायला सांगितलात. मग चष्मा काढून म्हणालात, "ह्यो बी शिरोळचाच दिसतोय." मी एवढी हसले की हातातली आमटी सांडली.

आता तुम्ही गेल्यानंतरचं ऐका.

पंधरा दिवसांपूर्वी म्हसोबाची तारीख ठरली. चिरंजीव म्हणाले, "ह्या वर्षी गॅसची शेगडी नेऊया. लाकडं कोण फोडणार? त्या कुऱ्हाडीला हात लावायला बी नको वाटतंय." एवढं म्हणून ते उठून बाहेर गेले. तुमचा लेक तुमच्यासारखाच आहे. रडू आलं की त्याला बाहेर काहीतरी काम आठवतं.

मला पण तुमची आठवण येत होती. रोज येते. पण शेगडी म्हटल्यावर मला तुमचा चेहरा दिसला आणि मी म्हणाले, "शेगडी न्हाय. कुऱ्हाड येणार. मी घेणार." आत्तींनी चमकून माझ्याकडं बघितलं. बावीस वर्षं कुऱ्हाडीला नावं ठेवणारी बाई कुऱ्हाडीसाठी भांडत होती.

न्हाणीच्या दारामागं टांगलेली ती मी काढली. दांड्याला उभी चीर गेली होती. तुमच्या त्या बाळू लोहाराकडं घेऊन गेले. त्यानं धामणाच्या लाकडाचा नवा दांडा काढला, जुन्यावरनं पातं ठोकून सुटं केलं, आणि पात्याच्या भोकात बसवलेली पाचर खाली पडली. मी पायानं बाजूला सारणार तेवढ्यात त्यानं ती उचलली. फुंकर मारून धूळ उडवली.

"वैनी, ही टाकू नका."

"का? काय आहे त्यात?"

"तुमचीच हाय की ही. सात वर्सं झाली. आबा ढलपी घिऊन आलते. म्हणाले, बाळू, हिची पाचर कर. मी म्हणलं, माझ्याकडं बांबूच्या तयार हाईत. तर म्हणाले, न्हाय, हीच घाल. आमच्या सुनंनं सुरीनं फोडल्याली हाय. बघ कशी एका रेषंत उकलल्या. कुऱ्हाडीनं असं फुटत न्हाय."

मी त्याच्या स्टुलावर बसले आबा. आधी हसले. मग रडले. बाळूला वाटलं भट्टीचा धूर लागला, त्यानं पंखा माझ्याकडं वळवला.

"आणि काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तिला सांगू नगोस. डोक्यावर बसंल."

म्हणजे सात वर्षं तुमच्या कुऱ्हाडीचं पातं माझ्या सुरीनं फोडलेल्या लाकडाच्या जिवावर घट्ट होतं. म्हणून ती बादलीत गेली नाही. आणि मी समजत होते तुम्ही लाजलात.

आता जाब द्या. लोहाराला सांगताना तुमची जीभ जड झाली नाही, मग घरातल्या माणसाला सांगायला काय झालं होतं? मी डोक्यावर बसले असते, हे खरं आहे. चार दिवस बसले असते. पेठेत चार बायकांना सांगितलं असतं. मग उतरले असते ना? तुम्हाला चार दिवस सोसलं नसतं का? मला राग आलाय. खरंच आलाय. आणि ज्या दिवशी हे कळलं त्या दिवसापासून मी घरात गुणगुणत फिरतेय, असं ऋतुजा म्हणते.

जुनी पाचर दबून बारीक झाली होती, नव्या दांड्याला पुरेना. बाळू म्हणाला, "बांबूची घालू?" मी म्हणाले, "थांब." गाडीवरनं घरी आले, सुरी घेतली, परसातला ऐनाचा वाळका तुकडा घेतला, आणि त्याच्या भट्टीसमोर बसून ठोकून नवी ढलपी काढून दिली. त्यानं ती तासून आत मारली. पातं असं बसलं की हलायचं नाव नाही. मी कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून गाडीवर पायाशी ठेवली आणि भर बाजारातनं घरी आले. माणसं वळून बघत होती. मला तो कंडक्टर आठवत होता. एवढी खूश मी दिवाळीतसुद्धा नव्हते.

आता राहिलेली गोष्ट, तुम्ही पोट धरून हसाल ती.

काल सकाळी जीप भरली. मी पोतं तीनदा तपासलं. कुऱ्हाड आहे, कुऱ्हाड आहे, कुऱ्हाड आहे. म्हसोबाला पोचलो. पट्ट्या अंथरल्या. चिरंजीवांनी कोथिंबीर चिरायला घेतली आणि ऋतुजा म्हणाली, "आई, सुरी कुठाय?"

मी फडकं उघडलं. फडकं होतं.

सुरी बाळू लोहाराच्या ऐरणीपाशी राहिली होती. पाचर करून दिल्याच्या आनंदात मी ती तिथंच ठेवून आले होते, आणि आठवडाभर मला पत्ता नव्हता. घरात सगळं विळीवर चालतं, सुरी लागते ती म्हसोबालाच.

सगळी माझ्याकडं बघत होती. आणि आत्ती, आबा, आपल्या आत्ती, पाच महिन्यांत ज्या नीट हसल्या नव्हत्या, त्या पट्टीवरनं म्हणाल्या, "बादलीत बघ."

तुमचे चिरंजीव खाली बसले हसत हसत. चुलत सासऱ्यांना परत खोकला लागला. आत्ती पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही एकदम.

लाकडं दहिवरानं ओलसर होती. चिरंजीवांनी कुऱ्हाड घेतली आणि मोठे ओंडके फोडले, ते बरं केलं. पण पेटवायला बारीक काड्या लागतात. ते कुऱ्हाड डोक्यावरनं आणून बारीक लाकडावर मारायला लागले आणि तुकडे पार देवाच्या दगडापर्यंत उडायला लागले. मी म्हणाले, "आणा इकडं."

हातात घेतली खरी, पण पुढं काय करायचं? बावीस वर्षांत मी तिला फोडायला कधी धरलं नव्हतं. आणि मग तुमचा आवाज आठवला. कुठल्या वर्षी ते सांगता येणार नाही. मी फुगून बसले होते आणि तुम्ही माझ्याकडं न बघताच कुणालातरी सांगितल्यासारखं सांगत होता, "बारीक फोडायचं तर दांडा पात्याजवळ धरायचा. लाकूड आन् पातं एकत्र धरायचं, दोन्ही एकदम ओंडक्यावर आपटायची. वरनं मारायचं न्हाई. पाय फाकून, ओंडका मधी." मला वाटलं होतं मी ऐकत नव्हते. हाताला सगळं पाठ होतं.

आपटलं. पहिल्यांदा सरकलं. दुसऱ्यांदा पातं शिरलं. तिसऱ्यांदा लाकूड उकललं, आतनं कोरडं, पिवळं. मी काड्यांवर काड्या काढत गेले. फोड तेव्हाच आला, पण थांबले नाही. नडगीला पण काही झालं नाही, हे तुमच्या माहितीसाठी.

जाळ धरला. मी कुऱ्हाड म्हसोबासमोर टेकवली आणि मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कुऱ्हाडीनं जमतंय."

आत्तींनी वर बघितलं. "ऐकलं का हो?"

तेवढ्यात मागनं चिरंजीव तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखेच कमरेवर हात ठेवून म्हणाले, "धूर लई हाय."

क्षणभर मला वाटलं तुम्हीच. मग सगळी हसली आणि मी सगळ्यांत जास्त. रस्सा तिखट झाला होता, मीठ थोडं कमी होतं, पण भगुणं पुसून खाल्लं सगळ्यांनी. पहिलं ताट तुमच्या नावानं बाजूला काढलं. ऋतुजानं त्यात मटणाची नळी ठेवली, तुम्हाला आवडते म्हणून.

संध्याकाळी परत येताना बाळूकडनं सुरी आणली. आता ती आणि कुऱ्हाड न्हाणीच्या दारामागं एका खिळ्याला आहेत. भांडत असतील आतल्या आत.

जुनी पाचर मी माझ्या मशीनच्या खणात ठेवलीय. आज सकाळी आत्तींनी बघितली. "आगं, हे लाकूड कशाला जपून ठेवतीस?"

मी म्हणाले, "दात कोरायला."

आता शब्द देते आबा. म्हसोबाला शेगडी जाणार नाही, मी आहे तोवर तरी. कुऱ्हाडीची पाचर दर वेळी शिरोळच्या सुरीनं फोडलेल्या लाकडाची असेल आणि कुऱ्हाड पुन्हा कधी बादलीत जाणार नाही. ऋतुजाला दोन्ही शिकवेन. आणि तिनं पहिला जाळ धरला की मी धुराचं काढणार नाही. जमलंय म्हणून तिच्या तोंडावर सांगेन, त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत. बसू दे डोक्यावर.

तुमचा चहा निवला. पिते मीच.

तुमची,
शिरोळकरीण